नावाची रिकामी जागा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक मामा गाल धरून बसले होते. सोबत भाची होती. नंबर लावायचं दवाखान्याचं मोबाइल ॲप तिनंच बनवलंय, हे मामांचं अख्ख्या खोलीला सांगून झालं होतं.

“मामा, भरला का फॉर्म?”

“भरला. पण तुझं ॲप भारी हट्टी गं! पुढंच जाऊ देईना.”

“नावाची जागा रिकामी सोडली असणार तुम्ही.”

“दुखतेय दाढ. नावाला काय धाड भरलीय?”

“अहो, लोक काहीच न लिहिता फॉर्म पाठवायचे. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देईन. म्हणून कालच बंदोबस्त केला. आता पाठवून दाखवा म्हणावं रिकामा!”

“मी नुसती स्पेस देऊन पाहिली.”

“तीही चालत नाही. सगळ्या पळवाटा बुजवल्यात मी.”

“शाब्बास! अगदी माझ्या बहिणीवर गेलीस.”

“मग शेवटी लिहिलंत काय?”

“टिंब.”

“म्हणजे?”

“एक टिंब दिलं. लगेच हिरवी खूण आली बघ. गुणी आहे हो ॲप.”

“मामा, हळू बोला! डॉक्टर ऐकतील!”

तेवढ्यात काउंटरवरच्या बाई स्क्रीनकडे बघत ओरडल्या, “टिंब! टिंब कोण आहे?”

“मीच!” मामा उठले.

“बसा हो,” खिडकीजवळच्या आजी म्हणाल्या, “तुमच्या आधीचं टिंब मी आहे.”

भाचीनं कपाळाला हात लावला. मामांची नि आजींची जुंपली. मी मात्र निवांत बसून होतो. मी दोन टिंबं दिली होती.