सागातला खिळा

सासूबाई माझ्या हातचा चहा का पीत नाहीत, विचारलंत ना? ऐका मग. संस्थान विलीन झालं त्याच साली मी जव्हारला सून म्हणून आले. हे लाकडाच्या गिरणीत, इंजिनावरच्या करवतीवर. जाड फळी लोखंडी पट्टीला टेकवून सरकवत रेघ मारल्यासारखी सरळ कापायचे. आमच्या पलंगासाठी परसातला साग कापताना पातं आतल्या खिळ्यावर आदळलं. फळी उसळली आणि यांची दोन बोटं गेली.

सासूबाई रडत म्हणाल्या, "भगतानं भूत बांधायला ठोकलेला खिळा होता तो!"

"आई, आधी सांगायचंस तरी!"

"सांगितलं तर भूत सुटतं रे!"

यांनी फडकं गुंडाळलेला हात वर केला. "मग आता कुठं गेलं ते?"

सासूबाईंनी हळूच माझ्याकडे पाहिलं.