आमच्या गल्लीत परकं कोणी नाई

माहं नाव जुबेदा, माहेर रोहिणखेडचं, जुन्या मशिदीच्या मागं घर होतं. बाप बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरे, अन् मी लग्न होऊन बुलढाण्यात आली, इथंबी बांगड्याच भरून राह्यली. काय सांगू तुमाले, माणसाचं तोंड खोटं बोलते, हात नाई बोलत. अन् हे सांगणारी मी, सगळ्यात मोठं खोटं मीच बोलली, ते ऐका.

लछमी आमच्या गल्लीत आली ते पाकिस्तानातून, सिंधकडच्या वाळवंटातून, नवरा अन् एक पोट्टी घेऊन. तिकडून काऊन निघाली ते मी कधी विचारलं नाई, जखमेवरचं फडकं कोणी उचलून पाहते का? आमचं महिला मंडळ आहे, पापड लाटते अन् भांडणं मिटवते. प्रमिलाताई अध्यक्ष, बौद्धवाड्यातल्या, शाळेतून रिटायर झालेल्या, कागद वाचावा त त्यायनंच. त्यायनं खोली पाहून देल्ली, पोट्टीले शाळेत घातलं, राहायच्या परवानगीचा अर्ज भरून ते मिळवून देल्ली, अन् गल्लीले ताकीद देल्ली, हे लोकं आता आपले, पाकिस्तानवाली म्हणाल त याद राखा. माह्या वाट्याले आलं तिले बोली शिकवणं. अन् तिचे हात बाप्पा! खांद्यापावेतो पांढऱ्या बांगड्या. म्या म्हटलं, बाई, इकडं सवाशीण हिरव्या भरते. ते म्हणे, आमचा सुहाग पांढराच. एक काढू देल्ली नाई.

मंग गावात बोलणं उठलं, पाकिस्तानातून आलेल्या परवानगीवाल्यायलेबी सरकार परत धाडून राह्यलं. प्रमिलाताई लग्नाले मेहकरले गेलेल्या. अन् भर दुपारी एक माणूस साध्या कपड्यात मोटरसायकलवर आला, माह्या दारापुढच्या नळावर आमाले विचारे, पाकिस्तानातलं कुटुंब राहते का इथं, बाईच्या हातात खांद्यापावेतो पांढऱ्या बांगड्या? माह्या मनानं घेतलं, हा परत धाडाले आला. अन् जीभ माही, ते कुठं ऐकते! म्हटलं, दादा, या गल्लीतले सगळे हात मीच भरते, असा हात असता त मले ठाऊक नसता का? आमच्या गल्लीत परकं कोणी नाई. मागून साऱ्या हंडेवाल्यायनं मान हलवली, हाव हाव. लछमी माह्याच दाराआड उभी, बांगड्या वाजू नये म्हणून एका हातानं दुसरा दाबून. माणूस लिहून घेऊन गेला. म्या सगळ्यायले चहा पाजला, एवढी हुशार मी!

चार दिवसांनी कागद आला. दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत, परवानगी रद्द का करू नये, उद्या हजर व्हा. तो माणूस कचेरीचाच होता, हे लोकं इथं राहतात एवढंच पाहाले आलता! प्रमिलाताई परत आल्या, वाचलं, चष्मा काढला. म्हणे, जुबेदा, तू त्यायले वाचवलं नाई, काढून देल्लं. लछमी उठली. पोतं घेतलं अन् भांडी भरू लागली. कोणतं भांडं आधी घालाचं ते तिले पाठ होतं. ते पाहून मले रडूबी आलं नाई, असं झालं.

दुसऱ्या दिवशी सारी गल्ली कचेरीत. साहेब म्हणे, तेव्हा राहत नाई म्हणता, आता राहते म्हणता, खरं कोणतं? म्या म्हटलं, खोटं माहं साहेब, शिक्षा मले द्या. ते म्हणे, शिक्षेचं नंतर, राहण्याचा पुरावा काय? मंग मागून शांता, लछमीच्या बाजूच्या घरातली, ते फणकारली. पुरावा कायचा मागता, हिच्या गोधड्या माह्या तारेवर असतात, माही लुगडी ओलीच राहतात! दुसरी म्हणे, नळावर दोन हंडे जास्त भरते. तिसरी म्हणे, हिची बकरी माहा कढीपत्ता खाऊन गेली. अन् लछमी, जी बाहेर कधी तोंड उघडत नाई, ते गर्रकन फिरली. काऊन वं शांते, तुही कोंबडी माह्या दाण्यात येते ते नाई सांगत?

साहेबानं पेन खाली ठेवला. म्हणे, बस करा. जी राहतच नाई तिच्याशी इतकं भांडण होत नाई.

मंग मले झापलं, लेखी घेतलं, तोच माणूस पुन्हा धाडला. त्याच्यासमोर लछमीचा पांढऱ्या बांगड्यायचा हात म्याच धरून दाखवला. परवानगी वाढली. पण ते दरवेळी सरते, अन् सराले आली का सारी गल्ली पुन्हा प्रमिलाताईच्या दारात. आता मोटरसायकल वाजली का लछमीले मीच आधी बाहेर बोलावते.

परवा ते माह्याकडं आली, म्हणे, दोन हिरव्या भर, पांढऱ्या राहू दे. हात कडक, तेल लावलं, हळूहळू चढवल्या, एकबी फुटली नाई. रीतीपरमानं माह्या पाया पडाले वाकली. म्या म्हटलं, भरल्या हातानं याच गल्लीत म्हातारी होय माय, अन् शांतेशी भांडत राहा.