सिमेंटची पंगत

"अहो, मला काय गाव दाखवता? माझी नाळ पुरलीय गावात!"

असं म्हणाले, मंडळी, आमचे मनोहरपंत कुलथे — रिटायर्ड ओव्हरसियर! आणि सहलीच्या बसमधून टुणकन उतरले. समोर काय? उघड्या माळावर मांडलेलं जुन्या गावाचं प्रदर्शन! कुंभार, लोहार, मोट हाकणारा — सगळे सिमेंटचे! फाटकात पागोटं घातलेला राखणदार. पंतांनी त्याची मिशी ओढली. "वा! काय हुबेहूब केस लावलेत!"

पुतळा म्हणाला, "सोडा की वो, दुखतंय!"

हसताय? मग सांगा — दगड कुणाला म्हणायचं? जो हलत नाही त्याला? की ज्याच्या दारावरनं माणूस उपाशी जातो त्याला? ऐका!

हे पंत घरी जेवायला बसले की आधी कडी लावायचे. कुणी आलं तर? वाढावं लागेल! त्यांच्या सुमित्राबाईंनी उभ्या संसारात त्यांच्या तोंडून "या जेवायला" ऐकलं नाही.

तर — टळटळीत दुपार. बाकीचे कुंभाराशी फोटो काढतायत, पंत एकटेच पुढं. एका ओसरीवर सिमेंटचं घरदार जेवायला बसलेलं. म्हातारा, दोन लेक, वाढणारी सून. एक पाट रिकामा. आणि आवाज आला —

"या जेवायला!"

आता आपली रीत काय? "होऊ द्या सावकाश" म्हणायचं, चालू लागायचं! पण पंतांना कोण बोलावणार होतं आजवर? रीतच ठाऊक नाही! म्हणाले, "आलोच!" बसले पाटावर. गंमत म्हणून भाकरीला बोट लावलं —

मंडळी, भाकरी गरम होती!

पंत उठायला गेले. शेजारचा लेक बोलला — ओठ न हलवता! "बसा. म्हातारा उठल्याबिगर पंगत उठत न्हाई."

आणि म्हाताऱ्याचा घास? हातातच! तो तोंडाशी पोचणार कधी? पंतांचे गुडघे गार पडले. कंबर जड झाली. मान वळेना.

इतक्यात सुमित्राबाई आल्या, मैत्रिणीबरोबर. "अगंबाई! हा कडेचा बघ, अगदी आमच्यांसारखा!"

पंतांना वाटलं, सुटलो!

बाईंनी निरखून पाहिलं. "छे! हा चारचौघांत जेवतोय. आमचे नव्हेत."

पंतांनी सगळा जीव जिभेत आणला. म्हणायचं होतं — "मला उठव!" पण त्या पाटावरनं एकच बोल निघायचा. निघाला! जन्मात पहिल्यांदा —

"या जेवायला!"

बाईंनी सवयीनं हात जोडले. "होऊ द्या सावकाश." आणि गेल्या की हो पुढं!

आता तुम्ही! तुमच्या दाराला भोक आहे ना, बाहेर बघायचं? शेजारी दिसला की टीव्हीचा आवाज कोण बारीक करतं? काका, खाली बघू नका! आज घरी जा, दार सताड उघडा, दिसेल त्याला हाक मारा — "या जेवायला!" "महाराज, खरंच आला तर?" अहो, येऊ दे की! तो जेवून उठेल तरी!

दिवाळीच्या आधी तिथल्या पुतळ्यांना नवा रंग दिला. पंतांचा चष्माही रंगवला.