मशीन जाईल, नाहीतर जावई

...आणि वर मलाच म्हणतात, 'जावईबापू, घरात गिरणी टाकलीत का?' गिरणी! अहो, कॉफीचं मशीन आहे ते, माझ्या बापानं लग्नात दिलेलं, आणि त्याचा पंप आवाज करतो हा काय माझा गुन्हा झाला? कप खाली ठेवा आणि ऐका जरा! तुम्हाला सांगतो, या त्रिएस्त शहरात खालच्या मजल्यावर सासू आणि वरच्या मजल्यावर आपण, असा संसार मांडायचा असेल ना, तर माणसानं आधी बहिरी सासू शोधावी. आमच्या नेरीनाबाईंचे कान म्हणजे... बोरा वारा सुटतो, कौलं उडून रस्त्यावर येतात, त्यात बाई ढाराढूर! आणि मी वर नुसतं बटण दाबलं की ताडकन जाग्या! आणि लगेच खालून झाडूचा दांडा, ठक ठक ठक!

आता मला सांगा, कॉफी कधी प्यायची? जेवणानंतर. आणि बिल्डिंगमध्ये शांतता कधी? जेवणानंतरच! जिन्यात पाटी आहे, दुपारी आवाज करायचा नाही. ती पाटी लावायला लावली कुणी? सासूबाईंनी! आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येऊन, तोंडातला घास गिळायच्या आत 'जावईबापू, माझी कॉफी?' असं ओरडतं कोण? सासूबाईच! कॉफी हवी, आवाज नको! वा रे वा!

बरं, मागच्या महिन्यात तर कहरच झाला. रविवारचं जेवण झालं, मी बटण दाबलं, घर्रर्र... कपबश्या टेबलावर नाचायला लागल्या! बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मग आवाज थांबला, बाईंनी निवांत कॉफी संपवली, हां, संपवली, थेंब ठेवला नाही, आणि मग म्हणाल्या, 'पुढच्या रविवारी हा आवाज आला, तर या घरातून एक तर मशीन जाईल, नाहीतर तुम्ही. घर माझ्या नावावर आहे, जावईबापू.' मी फुल्वियाकडे बघितलं. बायको हो माझी! म्हटलं, आता तरी काही बोलेल. बोलली. म्हणते, 'मशीन जड आहे रे लिव्हिओ. त्यापेक्षा तूच हलका.'

गेलो दुरुस्तीवाल्या दारिओकडे. त्यानं मशीनला कान लावला, डोळे मिटले, मान हलवली, जसं काही घरच्यांना बोलावून घ्या म्हणतोय. 'पंप गेला.' नवा पंप बसवला. घर्रर्र! 'मग मोटर गेली.' मोटर खोलली, साफ केली, तेल पाजलं. घर्रर्र! मी म्हटलं, 'दारिओ, काय काय गेलेलं नाही तेवढं सांग, लवकर आटपेल.' तर माझ्यावरच डाफरला, 'इथलं पाणी जड, क्षार धरतात, पाणी बदल!' पाणी बदल? मग काय समुद्राचं ओतू? याला म्हणतात कारागीर! मेल्याला स्वतःच्या दुकानाचं दार नीट लावता येत नाही!

शेवटी शनिवारी मीच पाना-पेचकस घेऊन स्वयंपाकघरात बसलो. उघडून बघतो तर काय, मोटरखालची रबरं शिळ्या पावासारखी कडक झालेली, मोटर थेट पत्र्यावर आपटतेय, आणि टाकीतली जाळी क्षारांनी बुजलेली, त्यामुळे नवाकोरा पंप पाण्यावाचून बोंबलतोय! इतकंच होतं हो! माझ्या समुद्रावरच्या रबरी चपलांच्या टाचा कापल्या, मोटरखाली बसवल्या, जाळी व्हिनेगरमध्ये घासली, बटण दाबलं... अहाहा! माशी तरी मोठ्यानं गुणगुणते! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, जिंकलास लिव्हिओ, छप्पर वाचलं!

रविवार उजाडला. जेवण झालं. सासूबाई हाताची घडी घालून, माझ्या पाठीकडे बघत बसलेल्या. कॉफी हवी, आवाज नको ना? घ्या! दाबलं बटण. पण तुम्हाला सांगतो, इथंच घात झाला. अहो, इतकी वर्षं मशीन गरजायला लागलं की मी पाठमोरा उभा राहून मनातलं सगळं मोठ्यानं बोलून घ्यायचो, तेवढंच तर माझं सुख होतं! तोंडाला सवय, दुसरं काय! मशीन गप्प, आणि मी खणखणीत आवाजात, 'ढोस, थेरडे, ढोस! आयुष्यभर आमची झोप उडवलीस, आता तू कधी कायमची झोपतेस ते सांग!'

कॉफीची धार तेवढी पडत होती.

बाई कॉफी प्यायल्या. निवांत. कप ठेवला. म्हणाल्या, 'छान दुरुस्त केलंत हो, जावईबापू. मशीन राहू दे.'

तेव्हापासून मशीन तिथं, आणि मी इथं, या कॅफेत, उभ्या उभ्या परक्याच्या मशीनची कॉफी पितोय. झोपायला दारिओच्या दुकानात, दार लागत नाही त्याचं, सांगितलंच मघाशी... आणि काल फुल्वियाचा फोन आला! म्हटलं, बोलावतेय, चल लिव्हिओ, बॅग भर! फोन कानाला लावला तर म्हणते, 'आई विचारतेय, कॉफीचं बटण वरचं की खालचं?'

सांगितलं... वरचं. काय करणार!