काळुराम बेंजोवाल्याकडे चौकशी

—नाय ओ, बसा, चहा टाकलाय बायकोनं. अष्टमीवरून पेणपर्यंत आलात, भाचीसाठी माझ्या निकेशची चौकशी करायला, नि बिनचहाचे जाल? शेजाऱ्यांना विचारलंत? विचारलंच असणार. त्यांनी गोडच सांगितलं असेल, ते कशाला वाईटपणा घेतील? बापाला विचारा. बाप खरं सांगतो.

तर निकेश. माझी बेंजो पार्टी, तुमाला ठाऊक हाय — इथनं नागोठण्यापर्यंत हळद असली की काळुराम पायजेच — त्यात हा गिटारवर. हात चांगला, नाय कशाला बोलू? पण डोकं फिरलेलं. वरसे गावात हळद होती, नवरी पाटावर, पोरं नाचायच्या रंगात, नि हा मध्येच थांबला. पार्टीचा चमकीचा कोट काढला, पाण्याच्या पिंपात टाकला, नि एकटाच सुटला — ठ्याँव ठ्याँव ठ्याँव — नवरीच्या आजीनं कानात बोटं घातली. मी खुणा करतोय, अरे आवर, तर हा डोळे मिटून! — हसताय काय? माझी अब्रू गेली नि तुमी हसताय!

मग स्वतःचा बँड काढला, रॉक बोलतात त्याला. नाव काय, तर 'खाजण'. हे काय नाव झालं? खाडीकाठचा चिखल नि खेकडे! एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बोलावलं, तर अख्खं गाणं त्याच्याकडे पाठ करून वाजवलं. का रे, विचारलं, तर बोलतो, तो पण निवडून आल्यापासून पाठच करून हाय. — परत हसलात. तुमची भाची पण अशीच हसली असेल. ऋतुजा ना? कळलंय मला सगळं. हॉस्पिटलात नर्स हाय, बोलली, तू वाजव, घर मी चालवते. झालं! मग कशाला येतोय तो परत माझ्या पार्टीत — म्हणजे घरी. घरी बोलायचं होतं मला.

रोह्याला मैदानात कार्यक्रम झाला, मी गेलो होतो. तोंडाला रुमाल बांधून, पार मागे. हा ओरडतोय, 'बापाचा कोट चमचमतो, बाप आतून गंजतो' — नि मैदानभर पोरं तेच ओरडतायत. बाजूच्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला, बोलतो, काका, तुमी पण म्हणा ना! जन्म गेला माझा वाजवण्यात, मेलं एकानं कधी माझं नाव घेऊन शिटी मारली नाय. आणि ह्याला, काल मिशी फुटलेल्याला — जाऊ दे.

म्हणजे तुमचं ठरलंय तर. पोरगा मनमोकळा, पोरीला पसंत, कलाकार माणूस थोडा वेडा असायचाच — असंच ना? बरं. मग एक ऐका. मोबाईलवर बघितलंत ना, स्टेजवर लोळतो, हातपाय झाडतो, डोळे पांढरे करतो? ती स्टाईल वाटली तुमाला? फिट येते त्याला. व्हय. लहानपणापासून. लोकं टाळ्या वाजवतात नि हितं आमचा जीव जातो. आईकडून आलंय — विचारा ना, ही काय, दारात उभी हाय. खरं ना गो? — बघा. गप्प बसली. आई हाय, कसं बोलेल?

उठलात? चहा तरी — बरं, राहू दे. माझं नाव नका सांगू कुठे, भाचीचं कल्याण बघितलं मी, एवढंच. सांभाळून, पायरीला शेवाळ हाय.

— गेला. काय बघतेस अशी, धोंडे? बोललो खोटं, मान्य. पण तुला तोंड होतं ना? त्याच्यासमोर विचारलं तुला. एक 'नाय' बोलली असतीस तर लगीन ठरलं असतं पोराचं. का नाय बोललीस? मला घाबरलीस, का तुला पण पायजे तो घरात? — रडू नको. लगनसराई आली, येईल मुकाट गिटार घेऊन. आणि विचारलं त्यानं, कुणी मोडलं, तर सांग, आम्ही दोघांनी. जा आत. तो चहा ओत मोरीत.