कुंकू लावलेला कॅमेरा

—नाय नाय मॅडम, तो वास नालीचा हाये. सवय होते दोन दिवसांत. आज तुम्ही तपासणीला येणार म्हणून सकाळपासून किचनची खिडकीसुद्धा लावून घेतली, पण नाली ती नालीच. बसा ना, पंख्याखाली बसा. आवडाबाई दूध आणायला गेलीय, आली की फक्कड आल्याचा चहा टाकायला लावतो. तवर सहीचं उरकून घ्यायचं का? ही फाईल — तिमाही गळती अहवाल. तेवीस गॅसविहिरी, तेवीस शून्यं. काय? आधी कॅमेरा बघायचाय? बघा की! हा चालू केला — सात-आठ मिनिटं घेतो, आतून थंडगार झाल्याबिगर डोळा उघडत नाय पठ्ठ्या.

नियम मला पाठ हाये, मॅडम. जमिनीतून गॅस काढताना नळ्यांच्या जोडांतून, झाकणांतून मिथेन सुटतो — ना रंग, ना वास, आणि हवा तापवायला लई बेरकी. घरच्या सिलेंडरला मुद्दाम वास घालतात, विहिरीवरच्या गॅसला कोण घालणार? म्हणून हा कॅमेरा. गळती असली की पडद्यावर धुरावानी दिसते. म्हणजे... दिसायची. पहिल्या तिमाहीत आमचा सर्जेराव हा घेऊन गुजरातेत विहिरींवर गेला आणि एक्केचाळीस गळत्या शोधून आला! शाबासकी मिळंल अशा तोंडानं आला हो. आणि विहिरीवाल्या कंपनीचा साहेब फोनवर मला काय म्हणला ठाऊक हाये? म्हणला, बद्रीनाथराव, तुम्हाला नेमलंय ते गळती नाय हे सांगायला, असलेली आम्हाला तशी पण ऐकू येते. चार दिवस जेवण गेलं नाय मला, खोटं नाय सांगत. वैजापूर सोडून इथं आलो, पोरगी मोनिका इंजिनिअरिंगला, आणि हे कंत्राट गेलं की या ऑफिसला कुलूप. आजची तुमची सही झाली तर पुढचं वर्ष, नाय तर घरी. असं हाये सगळं, तुमच्यापासून काय लपवायचं.

मग आला दसरा. मुकुंद सर, आमचे मालक, लई धार्मिक. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा मांडली — पाने, हातोडे, प्रिंटर, आणि मधी हा कॅमेरा. माझ्याच हातानं झेंडूचा हार घातला, हळद लावली, आणि कुंकू — आता कुंकू कुठं लावणार? गाडीला काचेवर लावतोच ना आपण, यालाही काच हाये. लावलं ऐन मधोमध, चांगलं ओलं करून. आणि देवीची करणी बघा मॅडम, पुढच्याच फेरीपासून गळती बंद! एक्केचाळीसचं शून्य! सर्जेराव म्हणला, साहेब, पडद्यावर मधोमध काळा गोल दिसतो. मी म्हणलं, देवी हाये ती, गप बस. कंपनीनं पेढे पाठवले. ती भिंतीवरची ढाल बघितली? 'शून्यगळती सन्मान'.

पुसलं का नाय? मॅडम, कुंकू हाये ते! लावलेलं कुंकू पुसायचं असतं व्हय? उलट गेल्या दसऱ्याला त्याच्यावरच आणखी एक लावलं. मला कळत नव्हतं असं नाय — म्हणजे कळत होतं असंही नाय म्हणत मी, हे लिहून नका घेऊ — बीएस्सी झालोय, फिजिक्स घेऊन, काचेवर कुंकू म्हणजे काय ते समजतं मला. पण शून्य आलं की कंपनी खूश, सर खूश, तुमच्या आधीचे साहेब तर याच खुर्चीत बसून पाव किलो इमरती खाऊन सही ठोकून गेले. कुणाचं काही अडलं का? नाय.

आमच्या आवडाबाईचंच घ्या. महिनाभर माझ्या मागं — भाऊ, सिलेंडरचा वास येतो, डोकं दुखतं. किचनमधी लाल सिलेंडर हाये, घरगुती, ते तुम्ही बघितलं नाय असं समजा. मी म्हणलं, बाई, नाकाचा काय भरवसा, आपल्याकडं विज्ञान हाये! हाच कॅमेरा रोखला शेगडीवर. शून्य. तिला प्रमाणपत्रच दिलं छापून, शिक्का मारून — 'सदर स्वयंपाकघर गळतीमुक्त आहे.' चिकटवलंय ओट्याच्या वर. तवापासून एक शब्द नाय बोलली. कागदाला लई मानते बिचारी.

हां, वाजला बघा. झाला थंड. आता तुम्ही — रुमाल कशाला काढताय? मॅडम, नका ना. ऐका माझं... बरं, पुसा. तुम्ही बाईमाणूस, तुमच्या हातानं देवीला चालंल. मी तिकडं तोंड करतो. निघालं? दोन दसऱ्यांचं कुंकू, रुमाल वाया गेला तुमचा. द्या इकडं. आता इथं विहीर तर नाय, काय दाखवू — किचनच दाखवतो, प्रमाणपत्रासकट. या, इथून दारातूनच बघा. ही शेगडी. ही नळी. हे सिलेंडर, हा त्याचा...

हे काय हाये?

काच नीट पुसली ना तुम्ही? मग धूर कशाचा? शेगडी तर बंद हाये. नळीच्या बुडातून निघतंय — खाली उतरतंय — फरशीवरून सरकत... मॅडम, दारापर्यंत आलंय. आपल्या पायांपर्यंत आलंय.

तुम्ही आधी खाली जा. फाईल राहू द्या, सही मरू द्या. पंख्याच्या बटणाला हात लावू नका, कशालाच लावू नका, जिन्यानं सरळ खाली — आवडाबाई! ही मागच्या दारानं कधी आली? आवडाबाई, दूध ठेव. ती काडेपेटी ठेव. ठेव म्हणतो ना! मला काय दाखवती? तो कागद? खोटा हाये तो, बाई! मीच लिहिलाय, खोटा हाये — काडी ओढू नको!