नव्या बैलगाडीची चौकशी

१९७७ साल. सोलापूर स्टँडवर माझ्या शेजारी पुण्याच्या एका संस्थेचे तपासनीस बसले होते. श्रीपूरच्या साखर कारखान्याला बैलगाडीनं ऊस वाहणारा नागनाथ त्यांच्याशी बोलत होता.

"आमच्या संस्थेच्या मदतीनं इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजनं आणि तुमच्या कारखान्यानं मिळून तुमची नवी बैलगाडी बनवली. कशी चालते?"

"लई हलकी. बैलाच्या मानंला आता जखम न्हाय."

"म्हणजे संशोधन यशस्वी, असं लिहितो."

"लिवा की. पर उतारावर ती थांबत न्हाय. माझा पवळ्या बैल तिच्याखालीच गेला."

"कॉलेजवाल्यांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी सपाटीवर मोजमापं घेतली. उताराचं कुणी इचारलंच न्हाय."

"मला तो उतार दाखवता?"

"पर साहेब, तुमची पुण्याची गाडी लागली की."

"जाऊ दे ती."